एका घराची गल्ली

भाचा मामाकडे आला तेव्हा सात वर्षांचा होता. आधी बहीण गेली, तिच्यामागोमाग सहा महिन्यांत तिचा नवराही गेला. मग हे पोर एक पिशवी आणि शाळेचं दप्तर घेऊन दारात उभं. मामा प्लंबर. नळ, पाइप, टाक्या, हेच त्याचं जग. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. मामी म्हणाली, "दोनाचे तीन झालो, बरंच झालं." पण पोरगा असा अबोल की मामी कधीकधी मुद्दाम भांडं आपटायची. निदान दचकून "काय झालं?" तरी म्हणेल.

बोलायला काही नसलं तरी आकड्यात पोरगं हुशार. शिकला, कॉम्प्युटरवाला झाला, आणि बसने बारा तास लांब असलेल्या मोठ्या शहरात नोकरीला लागला. चौथ्या मजल्यावर एक खोली. एक पलंग, एक टेबल, टेबलावर दोन स्क्रीन आणि एक खुर्ची. मामा-मामी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मामी खुर्चीत बसली, मामा पलंगावर, आणि हा आपला भिंतीला टेकून उभा.

"अरे, दुसरी खुर्ची घे की."

"कोण बसणार तिच्यावर?"

परत येताना बसमध्ये मामी म्हणाली, "याचं लग्न करायला पाहिजे." प्रयत्न केले, नाही असं नाही. दोन ठिकाणी बघणं झालं. दुसऱ्या मुलीनं सरळ विचारलं, "तुम्ही बोलता का हो?" तर हा म्हणतो, "लागेल तेवढं." झालं, तिथंच गाडं अडलं.

नोकरी पोटापुरती होती. खरा जीव होता त्याचा लायब्ररीत. आता लायब्ररी म्हटल्यावर मामा वर्षभर गल्लीत सांगत फिरला, आमचा भाचा लायब्ररी चालवतो. शेजारीण म्हणाली, एखादं चांगलं गोष्टींचं पुस्तक असलं तर पाठवायला सांगा. मामानं रविवारच्या फोनवर तसं सांगितलं, तर भाचा हसला. हसला म्हणजे नाकातून फुस्स केलं, पण तेवढंही त्याच्या मानानं पुष्कळ.

"मामा, पुस्तकांची नाही. दुसऱ्या प्रोग्रामवाल्यांनी वापरायची तयार वस्तू. तू नळ घरी ओतून बनवतोस का? तयार आणतोस ना? तसं."

"मग तुझा नळ कसला?"

"पत्त्यांचा."

मग त्यानं समजावलं. नेटवर्कवर जोडलेल्या प्रत्येक मशीनला पत्ता असतो, आणि पत्ता म्हणजे आकडे. चार आकडे, मध्ये ठिपके. प्रत्येक आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच, दोनशे छप्पन्न लिहिलं तर पत्ता खोटा. आता दुसरा एक लांबलचक प्रकारही निघालाय. माणसं हे पत्ते कशीही लिहितात. कुणी ठिपका विसरतो, कुणी जागा सोडतो. ह्याची लायब्ररी लिहिलेलं वाचायची, खरं-खोटं सांगायची, आणि हा पत्ता कुठल्या गल्लीतला, त्या गल्लीत अजून कोण कोण राहतं, तेही सांगायची. गल्ली हा शब्द मामासाठी. ते लोक नेटवर्कच म्हणतात.

पैसा एक नाही. फुकट. कुणीही घ्या आणि वापरा. चौदा वर्षं ऑफिसातून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस तेच करत बसला. जगात कुठे कुठे ती वापरतात म्हणे, कारखान्यांत, दवाखान्यांत. आणि खाली त्याच्या जिन्यावरच्या बाईला विचारा, चौथ्या मजल्यावर कोण राहतं? ती म्हणायची, "कोणीतरी आहे, चप्पल दिसते."

मामी गेली तेव्हा पंधरा दिवस येऊन राहिला. मामाचे कपडे धुतले, डबे पुसले, औषधांच्या बाटल्या टाकून दिल्या. रडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "रविवारी करतोच, पण बुधवारीपण करीन फोन." आणि केला. एक बुधवार चुकवला नाही.

मग एका बुधवारी फोनवर नुसताच गप्प.

"अरे, आहेस का?"

"मामा, माझ्या हातून एक माणूस मरता मरता वाचला."

मामाला वाटलं गाडीखाली कुणी आलं की काय. तसं नव्हतं. एक पत्र आलं होतं. डोंगरात आत कुठंतरी एक मोठं तळं आहे. तिथं पाण्याची पातळी मोजायचं मशीन, आणि मशीन सांभाळायला एक माणूस. एकटा. दर पंधरा दिवसांनी सामानाची गाडी जाते, बाकी कुणी नाही. मशीन मुख्य ऑफिसला आकडे पाठवतं. ऑफिसात रोज सकाळी एक प्रोग्राम सगळ्या ठिकाणच्या मशीनना हाक मारून बघतो, जिवंत आहेत का. एखादं ओ देत नसेल तर तिथल्या माणसाला फोन, फोन नाही लागला तर गाडी. असा शिरस्ता. आणि तो प्रोग्राम ह्याची लायब्ररी वापरायचा.

हा माणूस पावसानं ओल्या झालेल्या पायऱ्यांवरून घसरला. पाय मोडला. मोबाइल पाण्यात. मशीनची तार त्याच्याच हाताखाली तुटली, मशीन बंद. तो पडल्या पडल्या म्हणतोय, चला, मशीन बंद झालं म्हणजे सकाळी ऑफिसला कळणार, गाडी येणार. सकाळ झाली, कोणी नाही. दुसरी सकाळ, कोणी नाही. तिसऱ्या दिवशी सामानाची गाडी आली म्हणून वाचला, नाहीतर कठीण होतं.

"त्यात तू काय केलंस?" मामानं विचारलं.

"प्रत्येक गल्लीत पहिला पत्ता गल्लीचाच असतो, पाटीवर लिहायला. शेवटचा पत्ता सगळ्यांना एकदम हाक मारायला. त्या दोन पत्त्यांवर कुणी राहत नाही. म्हणून मी लिहिलं होतं, गल्लीत कोण राहतं असं विचारलं की पहिला आणि शेवटचा सोडून बाकीचे सांगायचे."

"बरोबर आहे की."

"बरोबर आहे. पण तळ्यावर मशीन एकच. त्यांनी त्याला एका पत्त्याची गल्ली दिलेली. तिथं पहिला तोच आणि शेवटचाही तोच. माझी लायब्ररी तोही सोडून देते आणि सांगते, इथं कुणी राहत नाही. ऑफिसचा प्रोग्राम म्हणाला, कुणी नाही ना, मग हाक कुणाला मारू? सगळं ठीक. हिरवा दिवा."

मामानं डोक्याला हात लावला.

"अजून ऐक. सहा वर्षांपूर्वी एकानं मला विचारलं होतं, एकट्याच्या गल्लीत कुणी नाही असं येतं, हे बरोबर का? मी त्याला उत्तर दिलं, नियमाप्रमाणे बरोबर आहे. आणि विषय बंद केला. माझ्या हातचं लिहिलेलं अजून तिथं आहे."

तळ्यावरच्या माणसाचं पत्र काही शिव्यांचं नव्हतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं त्याला सगळं उलगडून सांगितलं होतं, त्यावरून लिहिलेलं. पाच ओळी. शेवटची ओळ भाच्यानं वाचून दाखवली: "तुमच्या हिशेबानं आम्ही इथं राहत नाही असं दिसतं. राहतो. कळावे."

त्या दिवसापासून भाच्याला एकच ध्यास लागला. हे बदलायचं. गल्लीत एकच असला तर तो एक सांगायचा.

करायला दहा मिनिटांचं काम. पण लायब्ररी आता त्याच्या एकट्याची राहिली नव्हती. सांभाळणारे तिघं. हा, दुसऱ्या देशात स्थायिक झालेला आपल्याकडचाच एक दाढीवाला, आणि एक बाई, अशी काटेकोर की नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिघांनीही मान हलवली तरच बदल आत. हा नियम भाच्यानंच घातलेला. वर्षातून एकदा नवी आवृत्ती निघते, ती पंधरा दिवसांवर आली होती.

आणि त्यातच दुसरं. भाच्याच्या हृदयातली झडप खराब झाली होती. दोन जिने चढला की धाप. हे त्यानं मामाला सांगितलं कधी, तर ऑपरेशनची तारीख ठरल्यावर. मामा हत्यारांची पिशवी तशीच टाकून रात्रीची बस पकडून गेला. दारात उभ्या उभ्या म्हणाला, "व्हॉल्वच बदलायचाय ना? मी दिवसाला चार बदलतो."

"मग तूच कर. स्वस्तात होईल."

"माझी वॉरंटी नसते बाबा."

दोघंही हसले. हसता हसता भाच्याला धाप लागली, तेव्हा मामानं पाणी आणण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

तिघांची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती, स्क्रीनवर. मामा शेजारी पलंगावर, चहाचा कप घेऊन. भाच्यानं तळ्यावरची हकिगत सांगितली. लागेल तेवढं बोलणारा माणूस त्या दिवशी वीस मिनिटं बोलला.

दाढीवाला म्हणाला, "वाईट झालं. पण एका घराची कसली रे गल्ली? चूक त्या ऑफिसवाल्यांची. यादी रिकामी आली तर त्यांनी बघायला नको?"

मामाला राहवलं नाही. वाकून स्क्रीनसमोर तोंड घातलं. "अहो दाढीसाहेब, एका घरासाठी लाईन टाकली तरी तिला चावी बसवावीच लागते. घर एक म्हणून चावी नको, असं म्हणून कसं चालेल?"

"हे कोण?"

"माझा मामा," भाचा म्हणाला. "प्लंबर आहे."

"मग त्यांना घ्या रे चौथे!" दाढीवाला खो खो हसला. "बरं, माझी हरकत नाही. बाई काय म्हणतात?"

बाईंनी हकिगत ऐकताना चष्मा काढून ठेवला होता, तो परत लावला. "बदल बरोबर आहे. हे आधीच व्हायला हवं होतं. पण ह्या आवृत्तीत नाही."

"का?"

"चौदा वर्षं रिकामी यादी मिळतेय. तिच्यावर विसंबून किती प्रोग्राम लिहिलेत, आपल्याला माहीत आहे का? उद्या अचानक तिथं एक मशीन दिसायला लागलं, तर कुठं काय बंद पडेल? तुझाच नियम आहे, आधी एक वर्ष इशारा द्यायचा, पुढच्या वर्षी बदल करायचा."

"तिथं माणूस आहे, बाई."

"दुसरीकडेही माणसंच आहेत. एखाद्या दवाखान्यातलं काही बंद पडलं, तर त्याचं पत्र तुला वाचायला जमेल?"

मामाला वाटलं आता सांगावं. ह्या पोराचं परवा छाती उघडून ऑपरेशन आहे, ह्याला वर्षं-बिर्षं सांगू नका. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात टेबलाखाली भाच्यानं त्याचा पाय असा दाबला की कपातला चहा हिंदकळला.

"ठीक आहे," भाचा म्हणाला. "ह्या वर्षी इशारा. पुढच्या वर्षी बदल. बदल बरोबर चालतो का ते बघायच्या तपासण्या आजच लिहून ठेवतो."

स्क्रीन बंद झाल्यावर मामा उखडला. "का अडवलंस मला? ऐकलं असतं त्यांनी!"

"म्हणूनच अडवलं. माझी कीव आली म्हणून हो म्हणाल्या असत्या. त्यांचं म्हणणं खरं आहे, मामा. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो."

"आणि तळ्यावरचा?"

"त्याला मी विचारतोय ना."

तेव्हा मामाला कळलं. पत्र आल्यापासून हा रोज सकाळी साडेआठला तळ्यावर फोन करत होता. ऑफिसवाले म्हणत होते, नवी आवृत्ती आली की बघू. तोवर ऑफिस हाक मारत नाही, तर मी मारतो. पायाला प्लास्टर असलं तरी तो माणूस तिथं परत गेला होता, दुसरं कोण जाणार तिथं. मामाच्या समोरच फोन झाला.

"मशीन चालू?"

"चालू."

"तुम्ही?"

"मीपण चालू. एका पायावर."

मग तो पाण्याची पातळी सांगायचा, वारा कसा आहे ते सांगायचा, काल कुठला पक्षी दिसला तेही सांगायचा, आणि भाचा "हं, हं" करत ऐकायचा. दहा मिनिटं, बारा मिनिटं. त्या खोलीत चौदा वर्षांत कुणाशी एवढं बोलणं झालं नसेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं तपासण्या लिहून संपवल्या. एका घराची गल्ली, दोन घरांची, चार घरांची, आणि त्या लांबलचक पत्त्यांचीही. मग मामाला एका कागदावर नंबर लिहून दिला. "सकाळी साडेआठ. चार-पाच दिवसच. मशीन चालू आहे का विचारायचं. नंतर ते पाण्याचं वगैरे सांगतील, ते ऐकून घ्यायचं. मध्ये तोडायचं नाही."

"मला काय कळतंय पाण्यातलं?"

"तू प्लंबर आहेस, मामा."

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ठीक. एक दिवस डोळे उघडले, मामाचा हात धरला, विचारलं, "केलास?" मामा म्हणाला, "केला. चालू आहे." तिसऱ्या दिवशी पहाटे ताप चढला, आणि सहाच्या सुमाराला भाचा गेला. एक्केचाळीस वर्षांचा.

मामा वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. कागदांवर सह्या करायच्या होत्या. नर्स येऊन विचारत होती, सोबत कोण आहे? कोणी नाही, मीच. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजले. मामानं फोन काढला.

"मशीन चालू आहे का?"

"चालू. साहेब कसे आहेत?"

मामाच्या तोंडातून निघून गेलं, "झोपलेत."

दुसऱ्या दिवशीही झोपलेत. मग घरी आणलंय, आराम करतायत. मग डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. असे अकरा दिवस गेले. मामा आपल्या गावी परत आला होता, सगळं उरकलं होतं, तरी रोज साडेआठला खोटं बोलत होता. बाराव्या दिवशी तळ्यावरचा पाण्याचं सांगून झाल्यावर थांबला आणि म्हणाला, "मामा, मला पहिल्याच दिवशी कळलं. तुमच्या आवाजावरून. म्हटलं, तुम्हाला सांगवेल तेव्हा सांगाल."

मामानं फोन तसाच कानाला धरून ठेवला. तळ्यावरच्यानंही फोन ठेवला नाही. नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला बराच वेळ.

बाईंचा फोन महिन्याभरानं आला. कुणाकडून तरी कळलं होतं त्यांना. आधी नीट बोलल्या, मग रडायलाच लागल्या. "मी त्याला वर्षभर थांब म्हटलं. मला माहीत असतं तर..."

"म्हणून तर त्यानं सांगू दिलं नाही," मामा म्हणाला. "टेबलाखालून पाय दाबला माझा."

"मी आजच करते तो बदल. मधली आवृत्ती काढते. दाढीवाल्याची मान मी हलवून घेते."

मामा विचारात पडला. हो म्हणावंसं फार वाटलं. पोराची शेवटची इच्छा, एका बोटाच्या अंतरावर. पण त्याला तो "ठीक आहे" आठवला. कसा म्हणाला होता, सरळ बसून.

"नको, बाई. तो वर्षाला हो म्हणाला होता. कुणाच्या दवाखान्यात काही बंद पडायला नको. तोवर तळ्याला फोन करायला मी आहे."

"रोज?"

"मला काय काम असतं सकाळी साडेआठला? लोकांचे नळ दहानंतर गळतात."

आणि वर्षभर केला. तापात केला, छताजवळ शिडीवर उभं राहून केला. घरी आल्यावर बुधवारी संध्याकाळी मात्र फोन समोर ठेवून नुसता बसायचा. रविवारीही. तो फोन कुणी करायचा, ते काही ठरलेलं नव्हतं.

वर्षानं नवी आवृत्ती निघाली. बाईंनी स्वतः कळवलं: "गेला आत. त्यानं लिहिलेल्या तपासण्या जशाच्या तशा पास झाल्या, एक अक्षर बदलावं लागलं नाही." तळ्यावरच्यानं ऑफिसच्या मागे लागून लागून ती तिकडे बसवून घेतली. त्याला आणखी दोन महिने गेले. ऑफिस म्हणजे ऑफिस.

मग एक दिवस साडेआठ वाजायच्या आधीच मामाचा फोन वाजला. मामा एका बाईंच्या मोरीत पालथा पडून पाना फिरवत होता. तसाच ओल्या हातानं उचलला. तळ्यावरचा एवढा जोरात बोलत होता की मोरीच्या दाराशी उभ्या बाईंनाही ऐकू जावं.

"मामा! मी आज मुद्दाम तार काढली! म्हटलं बघू तरी खरं का खोटं. आठला काढली, आठ वाजून नऊ मिनिटांनी ऑफिसचा फोन! केवढा ओरडला तो माझ्यावर!"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काय करताय काय तिथं? तुमचं मशीन ओ देत नाही! बरे आहात ना? का गाडी पाठवू?"

मामा मोरीत उठून बसला. पाना खाली ठेवला. हात शर्टाला पुसले, फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परत सांगा. नेमकं काय म्हणाला?"

तळ्यावरच्यानं परत सांगितलं, ओरडण्याच्या सुरासकट.

"अजून एकदा सांगा," मामा म्हणाला.